हात न लावण्याचा कायदा

अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दाखवली गेली आणि कर्क, स्पॉक ही नावे आपल्याकडच्या घरांत पोचली. टोकदार कानांचा स्पॉक बहुतेकांच्या लक्षात राहिला, पण मालिकेतल्या अंतराळयानावरचा सर्वांत मोठा कायदा फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. त्याचे नाव प्राइम डिरेक्टिव्ह. १९६७च्या एका भागात त्याचा प्रथम उल्लेख आला आणि पुढच्या ‘स्टार ट्रेक’ मालिकांत तो पुन्हा पुन्हा येत राहिला. कायदा असा: तंत्रज्ञानात आपल्या मागे असलेल्या ग्रहावरच्या समाजात ढवळाढवळ करायची नाही, आपण कोण हेही त्यांना कळू द्यायचे नाही. यान बुडाले तरी चालेल, पण त्यांच्या वाटचालीला धक्का लागता कामा नये. ब्रिटनच्या ‘डॉक्टर हू’मध्येही असाच दंडक आहे. १९६९ साली दाखवलेल्या एका कथेत कालप्रवासी डॉक्टरवर त्याच्याच जातभाईंनी खटला चालवला आणि दुसऱ्यांच्या भानगडीत पडल्याबद्दल त्याला पृथ्वीवर हद्दपार केले. बलवानाने दुर्बलाच्या आयुष्यात हात घालू नये, हे तत्त्व ऐकताक्षणी पटते. ते अर्धेच खरे आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे. त्यासाठी परग्रहावर जाण्याची गरज नाही. असाच कायदा ठाणे जिल्ह्यात प्रत्यक्ष लागू होता, आणि त्याचे काय झाले ते नोंदलेले आहे.

आधी कायद्याची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती लेचीपेची नाही. ‘स्टार ट्रेक’ लिहिली जात होती तेव्हा अमेरिका व्हिएतनाममध्ये खोल रुतत चालली होती. भल्यासाठी म्हणून गेलेली ताकद काय करून बसते, हे लेखकांना रोजच्या बातम्यांत दिसत होते. फेब्रुवारी १९६८मध्ये आलेल्या दोन भागांत ते स्पष्ट उतरले. ‘अ प्रायव्हेट लिटल वॉर’मध्ये एका साध्याभोळ्या ग्रहावर शत्रूने एका टोळीला बंदुका पुरवलेल्या असतात. समतोल राखण्यासाठी यानाचा कॅप्टन कर्क दुसऱ्या टोळीलाही बंदुका देतो आणि आपण या लोकांचे वाटोळे केले हे ओळखून खिन्न होऊन परततो. ‘पॅटर्न्स ऑफ फोर्स’मध्ये एक सज्जन इतिहासकार विस्कळीत समाजाला शिस्त लावायला जातो आणि त्याच्या हातून नाझी राज्य उभे राहते. दोन्ही कथांचा रोख एकच आहे: हेतू शुद्ध असणे पुरेसे नाही, कारण परक्या समाजाचे धागे कुठे कुठे गुंतले आहेत हे बाहेरच्याला दिसत नाही. या मालिकेने एकदा बाजू उलटूनही पाहिली. १९६७च्या ‘एरंड ऑफ मर्सी’मध्ये शेतकऱ्यांसारखे दिसणारे, पण प्रत्यक्षात अफाट सामर्थ्याचे ऑर्गेनियन लोक दोन महासत्तांमधले युद्ध एका क्षणात थांबवतात. तेव्हा संतापतो तो कर्क. आमच्या कारभारात पडण्याचा तुम्हाला काय अधिकार, असे तो विचारतो आणि आपण युद्धाचा हक्क मागतो आहोत हे लक्षात येताच वरमतो. हात आपल्यावर पडतो तेव्हा तो कसा लागतो, हे दाखवायला दूरचित्रवाणीला इतके पुरले.

पण याच मालिकेच्या पुढच्या पिढीतले दोन भाग कायद्याची दुसरी बाजू उघडी पाडतात, आणि ती लेखकांच्याही पुरती लक्षात आली असावी असे वाटत नाही. १९८९च्या ‘पेन पॅल्स’मध्ये डेटा या यंत्रमानवाला एका लहान मुलीचा रेडिओ संदेश ऐकू येतो. कुणी आहे का तिकडे, एवढेच ती विचारते. तिचा ग्रह भूकंपांनी फुटत चाललेला असतो. कॅप्टन पिकार्डच्या खोलीत अधिकारी वाद घालतात: रोगराईत मदत करायची का, युद्धात करायची का, मग सीमारेषा कुठे? पिकार्ड संपर्क तोडायला सांगतो. तेवढ्यात मुलीचा घाबरलेला आवाज खोलीत घुमतो आणि त्याचा निर्णय बदलतो. ग्रह वाचतो. मग यानावरची डॉक्टर त्या मुलीची स्मृती पुसून टाकते आणि तिला घरी सोडून येतात. निघण्यापूर्वी डेटा तिच्या तळहातावर एक गाणारा दगड ठेवतो, पण तो तिला कोणी दिला हे तिला कधीच आठवणार नसते. १९९४च्या ‘होमवर्ड’मध्ये तर वातावरण नष्ट होणाऱ्या ग्रहाकडे पाहत यानाचे लोक खेदाने हात जोडून उभे राहतात. एक माणूस चोरून एक गाव यानात आणतो. त्या गावातल्या एकाला खरे काय ते कळते आणि तो जीव देतो. मालिकेचा निष्कर्ष असा की, पाहा, सत्य पेलवत नाही, म्हणूनच हात लावू नये. पण दोन्ही कथांमध्ये ज्यांच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे त्यांना एकदाही बैठकीला बोलावलेले नाही. मदत करायची की नाही, किती करायची, नंतर काय लक्षात ठेवू द्यायचे, हे सगळे वरच्या मजल्यावर ठरते. हात लावणे आणि न लावणे ही दोन टोके दिसतात, पण दोन्हींत ठरवणारा एकच आहे.

कायद्याच्या मुळाशी आणखी एक गृहीत आहे. खालचे जग अस्पर्श आहे, त्याच्याशी आपला आजवर काही संबंध आलेला नाही आणि आपण दूर राहिलो की ते तसेच राहील. दूरचित्रवाणीवर ते खपते, कारण ग्रह दर आठवड्याला नवा असतो. पृथ्वीवर मात्र ताकदवान सत्ता ‘आम्ही तुमच्यात पडणार नाही’ असे म्हणते तेव्हा बहुधा ती आधीच आत येऊन बसलेली असते. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा निघाला. प्रजेच्या धर्मात आणि रूढींत सरकार हस्तक्षेप करणार नाही, असे वचन त्यात होते. त्याच्या पाच वर्षे आधी, १८५३ साली, बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली होती. १८५४ साली ती कल्याणला पोचली आणि १८६५ साली थळ घाट चढून पलीकडे गेली. १८७८च्या वन कायद्याने जंगले सरकारजमा होऊ लागली आणि ठाणे-कुलाब्यातून इतकी ओरड झाली की १८८५ साली मुंबई सरकारला वनविषयक तक्रारींसाठी आयोग नेमावा लागला. म्हणजे लाकडाच्या बाबतीत सरकारचा हात चांगलाच लांब होता. तो आखडता घेतला गेला तो घराच्या उंबऱ्याशी. कल्याणच्या जोशी घराण्यातल्या यमुनेचे लग्न नवव्या वर्षी झाले आणि चौदाव्या वर्षी तिला झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. हीच पुढे डॉ. आनंदीबाई जोशी. १८८३ साली अमेरिकेला जाण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात, स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे म्हणून मी जाते, असे त्यांनी सांगितले आणि १८८६ साली फिलाडेल्फियाची पदवी मिळवली. त्यांच्या लहानपणी कायद्याने संमतिवय दहा वर्षे होते. त्यापुढचे सगळे रूढीचे, आणि रूढीत सरकार पडत नव्हते.

खरोखर पडत नव्हते का, हे रखमाबाईंच्या खटल्याने दाखवले. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी मोठेपणी नवऱ्याकडे नांदायला जायचे नाकारले. नवरा १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात गेला. १८८५ साली न्यायाधीश पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, पण तो अपिलात टिकला नाही. १८८७ साली दुसऱ्या न्यायाधीशांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा आदेश दिला. रूढीत हात न घालणारे सरकार रूढीसाठी तुरुंगाचे दार मात्र उघडून बसले होते. अलिप्तता ही कधी मोकळी जागा नसते. आत ज्याचा वरचष्मा असेल त्याच्या बाजूने ती वजन टाकते, आणि इथे तर त्या वजनावर न्यायालयाचा शिक्काही होता.

आता ठाण्याचा कायदा. १९३५च्या भारत सरकार कायद्याने आदिवासी मुलुखाचे काही भाग ‘वगळलेले’ आणि ‘अंशतः वगळलेले’ ठरवले. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे दुसऱ्या यादीत होते. या मुलुखाला, गव्हर्नरने तसा हुकूम काढल्याखेरीज, विधिमंडळाचा कोणताही कायदा लागू होणार नव्हता. कारण असे दिले जाई की, साध्या लोकांवर शहरी कायदे लादले तर वकील-सावकारांचे फावते आणि त्यांचे समाजजीवन मोडते. प्राइम डिरेक्टिव्ह पडद्यावर येण्याच्या तीस वर्षे आधी, कल्याण जंक्शनपासून फार तर काही तासांच्या अंतरावर, त्याचा एक भाऊबंद कागदावर होता. पण आत काय चालले होते? मुंबई सरकारनेच नेमलेले सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी १९३९च्या अहवालात ते मांडले. वारली कुळे जमीनदाराच्या शेतावर फुकट राबत होती. त्याला वेठ म्हणत. पावसाळ्यात पोटासाठी घेतलेले धान्य, म्हणजे खावटी, सुगीनंतर भरमसाट वाढीने फेडावी लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण ‘लग्नगडी’ होई. तो आणि त्याची बायको कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा कधीच न सुटता, सावकाराच्या घरी राबत. वगळले होते ते विधिमंडळाला. सावकाराला, जमीनदाराला, जंगलच्या ठेकेदाराला आणि वनखात्याच्या रखवालदाराला कोणी वगळले नव्हते. कुंपण होते, पण त्याचे फाटक नेमके शोषणाच्या वाटेवर उघडे होते.

हे बदलले ते वरून आलेल्या कृपेने नव्हे. जानेवारी १९४५मध्ये कल्याण तालुक्यातल्या टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची पहिली परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तिचे आयोजक होते. उंबरगावकडचे काही वारली तिथे आले. त्यांच्यापैकी माह्या धांगडा व्यासपीठावर उभा राहिला आणि वेठीखाली काय भोगावे लागते ते त्याने सांगितले. वैज्ञानिक काल्पनिकेच्या भाषेत बोलायचे तर संदेश आला होता, पण तो पाठवणारा स्वतः परिषदेत येऊन बसला होता आणि त्याची स्मृती कोणी पुसणार नव्हते. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी उंबरगावातल्या झरी गावी हजारो वारल्यांची परिषद झाली. वेठ करायची नाही, मजुरी घेतल्याशिवाय राबायचे नाही, हा निर्णय तिथे जमलेल्यांनी स्वतः घेतला. गोदावरीबाईंनी १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हा सगळा काळ लिहिला. पुस्तकाच्या नावातच कर्ता कोण ते आहे. १९४५च्या त्याच पावसाळ्यानंतर गवतकापणीचा संप झाला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये, अशी मागणी होती. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगडसह पाच जण मारले गेले. पुढच्या वर्षी परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. वर्षानुवर्षे लांब राहिलेले सरकार या मुलुखात ठळकपणे दिसले ते असे, बंदूक घेऊन आणि जमीनदाराच्या शेजारी उभे राहून.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, हे एका दुष्ट सत्तेचे उदाहरण झाले. तिने अलिप्ततेचे सोंग घेतले म्हणून अलिप्ततेचे तत्त्व खोटे ठरत नाही. आणि हस्तक्षेपाचा अधिकार एकदा मान्य केला की सुधारणेच्या नावाखाली राज्य करणाऱ्यांना मोकळे रान मिळते. हा आक्षेप हलका नाही. मराठी मुलुखात तो सर्वांत जोरकसपणे टिळकांनी मांडला. १८९१ साली संमतिवय दहावरून बाराला नेणारा कायदा आला तेव्हा, परक्या सरकारने आमच्या घरात कायदा करू नये, सुधारणा आतून व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. आगरकर, तेलंग, भांडारकर कायद्याच्या बाजूने होते. टिळकांचा मुद्दा सत्तेच्या हक्काबद्दल होता आणि त्या मर्यादेत तो बरोबर होता. ज्याला आपण खाली खेचू शकत नाही त्याच्या हाती आपल्या घराची किल्ली देणे धोक्याचे असते. पण प्रश्न ‘परक्यांनी करावे की आपल्यांनी’ एवढाच धरला की दहा वर्षांची मुलगी मध्येच राहते. तिच्या बाजूने परके सरकारही नाही आणि ‘आपले’ही नाहीत. म्हणून हस्तक्षेपाची भीती खरी मानूनही अलिप्ततेला निर्दोष ठरवता येत नाही. दोघांनाही एकच कसोटी लावावी लागते: ज्याच्यावर परिणाम होणार त्याला बोलता येते का, आणि ‘थांबा’ म्हणता येते का?

हीच कसोटी १९४०च्या दशकातल्या आणखी एका वादाला लावून पाहता येते. व्हेरियर एल्विन या इंग्रज अभ्यासकाने १९३९ साली बैगा जमातीबद्दल लिहिताना त्यांना बाहेरच्या जगापासून वाचवणारे संरक्षित क्षेत्र असावे असे सुचवले. मुंबई विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली पुस्तक लिहून ते खोडून काढले. आदिवासी हे मागे राहिलेले हिंदूच आहेत आणि त्यांनी बाकी समाजात मिसळावे, असे त्यांचे मत होते. एकाने कुंपण सुचवले, दुसऱ्याने कुंपण काढायला सांगितले. पण मिसळायचे की वेगळे राहायचे, कोणत्या अटीवर, हे कुंपणाआतल्या माणसाला विचारावे ही गोष्ट त्या वादाच्या केंद्रस्थानी कधी आली नाही. एल्विन पुढे बदलले. लोकांनी आपल्या प्रतिभेनुसार, कोणी लादल्याशिवाय वाढावे, ही नेहरूंच्या आदिवासी पंचशीलातली भूमिका एल्विन यांच्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत आली. आणि राज्यघटनेने काय केले ते पाहण्यासारखे आहे. पाचव्या अनुसूचीत १९३५ची ती तरतूद उलट्या रूपात राहिली: अनुसूचित क्षेत्राला एखादा कायदा लागू न करण्याचा अधिकार राज्यपालांना आजही आहे. पण तिच्या जोडीला जमिनीच्या हस्तांतरणावर बंदी घालण्याचा आणि सावकारीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आला, शिवाय आदिवासी सल्लागार परिषद आली. १९३९ साली उघडे राहिलेले फाटक निदान कागदावर तरी बंद करण्याचा हा प्रयत्न होता.

मग अलिप्तता कधीच योग्य नाही का? योग्य आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अंदमानात आहे. उत्तर सेंटिनेल बेटावरच्या लोकांपर्यंत पोचण्यासाठी १९६७पासून सरकारी पथके नारळ घेऊन जात होती. जानेवारी १९९१मध्ये त्यांनी ते हातातून घेतलेही. पण नव्वदच्या दशकाच्या मध्यावर या मोहिमा थांबवण्यात आल्या. त्याला कारण होते. बाहेरच्यांच्या संपर्काने ग्रेट अंदमानी जमात जवळजवळ नामशेष झाली होती. पुढे १९९९ साली शेजारच्या जारवांमध्ये गोवर पसरला तेव्हा ती भीती खरी ठरली. २०१८ साली एक अमेरिकन तरुण धर्मप्रसारासाठी बंदी मोडून उतरला आणि मारला गेला. इथे नियम टिकतो, पण ‘ते मागासलेले आहेत’ म्हणून नव्हे. तो टिकतो कारण तीन अटी पूर्ण होतात. त्या बेटावर आपण काही घेऊन बसलेलो नाही, त्यांनी हाक मारलेली नाही, आणि बाणांच्या रूपाने त्यांनी नकार स्पष्ट कळवला आहे. वारल्यांच्या बाबतीत तिन्ही अटी उलट्या होत्या. त्यांच्या जंगलाचे लाकूड रेल्वेला गेले होते, त्यांनी टिटवाळ्याला येऊन हाक दिली होती, आणि नकार होता तो वेठीला. दोन्ही ठिकाणी एकच कायदा लावणे म्हणजे ज्याला एकटे राहायचे आहे आणि ज्याला सुटायचे आहे, त्यांच्यातला फरक पुसणे.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटचा. हाक कोणाची मानायची? समाज एकजिनसी नसतो. पाटील नको म्हणतो, त्याची सून हो म्हणते. ‘त्यांना विचारा’ म्हटले की उत्तर देतो तो सर्वांत मोठ्या आवाजाचा. शिवाय मदतीचे परिणाम कोणालाच आधी कळत नाहीत. यातल्या दुसऱ्या भागाचे उत्तर सोपे आहे: परिणाम न कळणे हे हात लावण्याविरुद्ध जितके कारण आहे तितकेच हात न लावण्याविरुद्धही आहे. सिमिंग्टनच्या अहवालानंतर गप्प बसण्याचे परिणामही कोणी मोजले नव्हते. पहिल्या भागाचे उत्तर सोपे नाही, पण तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच त्याची एक रीत सापडते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ साली ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, असे दिसले. तेव्हा शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरे चरताहेत, मुले झाडाखाली बसली आहेत, गारगोट्या, पाने आणि बिया मोजून अंक शिकताहेत, आणि गाय लांब गेली की एखादा विद्यार्थी उठून तिला वळवून आणतो. इथे शिक्षिकेने आपला वर्ग मुलांच्या वेळापत्रकात बसवला. न पटले तर मूल उठून जाऊ शकत होते, आणि शिकवणारीला दुसऱ्या दिवशी काहीतरी बदलून यावे लागत होते. हाक कोणाची, हा वाद असा सुटतो: सर्वांत लहान आवाजाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, आणि त्या आवाजाला आपले काम थांबवण्याची मुभा ठेवायची. रखमाबाईंना ही मुभा कोणी दिली नव्हती. म्हणून त्यांना ‘एक हिंदू स्त्री’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहावी लागली.

हे सगळे जुने म्हणून बाजूला ठेवता येणार नाही, कारण ठाणे आणि कल्याण-डोंबिवली पट्ट्यात ताकद आणि अलिप्तता यांचा खेळ अजून चालू आहे. कल्याण-डोंबिवलीच्या कडेची सत्तावीस गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा घेतली गेली. पहिल्यांदा आत घेताना गावांना विचारले गेले नव्हते, आणि वगळल्यावर त्यांना मोकळे सोडले असेही झाले नाही. महापालिकेचा नियम बाहेर गेला, बांधकाम करणारे आतच राहिले, आणि चाळी-इमारती उठत गेल्या. १९३५च्या कायद्याचा धडा इथे वेगळ्या अंगाने परत आला. पाण्याचेही तसेच. तानसा, वैतरणा, भातसा या धरणांचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांत रोज येते. भातसा आणि तानसा शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. बारवी धरणाची उंची वाढवताना मुरबाड तालुक्यातली गावे-पाडे पाण्याखाली गेले. ते पाणी उल्हास नदीवाटे आपल्याकडे येते. शहापूर अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६च्या पेसा कायद्यानुसार तिथे जमीन संपादित करण्याआधी ग्रामसभेशी किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत व्हायला हवी. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. अशा वेळी ‘आदिवासींच्या जगात आपण कशाला पडा, ते आपले सुखी आहेत’ हे शहरी वाक्य कितीही नम्र वाटले तरी खोटे आहे. आपण पडलेलोच आहोत. आपल्या नळाने, लोकलने, महामार्गाने.

म्हणून विज्ञानकथांनी शिकवलेला नियम फेकून देऊ नये, त्यात दोन कलमे वाढवावीत. पहिले कलम असे की, दूर राहतो असे म्हणण्याआधी आपला हात आधीच कुठे आत गेला आहे ते पाहावे, आणि असेल तर अलिप्ततेचा आव आणू नये. तिथे अलिप्तता म्हणजे घेतलेले परत न देण्याची सोय असते. दुसरे असे की, हात घालायचा झाला तर ज्याच्या आयुष्यात तो जाणार त्याला बैठकीत जागा असावी, त्याला नाही म्हणता यावे आणि झालेले लक्षात ठेवता यावे. पिकार्डने त्या मुलीला वाचवले हे चांगले केले. तिची स्मृती पुसली, ते चुकीचे केले. ठाणे जिल्ह्यात धरण, महामार्ग किंवा कारखान्यासाठी पुढची जमीन घेतली जाईल तेव्हा शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभेचा ठराव काय आहे हे विचारण्याचे काम त्या प्रकल्पाचे पाणी, वीज आणि रस्ता वापरणाऱ्या प्रत्येक ठाणेकर-डोंबिवलीकराचे आहे.